काकवीतली गाठ

माझ्या प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्याला मुंग्या लागल्या, असं आजवर एकदाच घडलं आहे.

मी सोलापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. नव्या पेठेतल्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर माझी प्रयोगशाळा आहे आणि तिथे मी जवळजवळ तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून आहे. कुणाच्या अंगातली गाठ शल्यचिकित्सक काढतात, ती बाटलीत घालून माझ्याकडे पाठवतात आणि ती साधी की कर्करोगाची, हे मी सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगते. गाठ मला दिसते, ज्याची गाठ तो माणूस दिसत नाही. पेशंटला मी माहीत नसते आणि मलाही पेशंट माहीत नसतो. मला हे काम आवडायचं त्याचं खरं कारण हेच होतं. माझ्या नाकावर राग असतो, माणसांशी माझं फार वेळ पटत नाही. काचेवरच्या पेशी उलट बोलत नाहीत.

माणसं भेटतात ती बाटली घेऊन येणारी. पंढरपूर, करकंब, वैराग, नातेपुते या बाजूचे लहान दवाखाने नमुना नातेवाइकांच्याच हातात देतात आणि 'सोलापूरला पोचवा' म्हणतात. मग कुणी एसटीत मांडीवर बाटली धरून येतं, कुणी मोटारसायकलच्या डिकीत टाकून. एका बाईंनी थर्मासमधून आणली होती. एकाने बाटलीच्या गळ्याला अंगाऱ्याची पुडी बांधली होती, ती मी सोडली नाही, असू दे म्हटलं. बाटलीत फॉर्मलीन असतं. त्याने मांस कुजत नाही, पेशी होत्या तशा राहतात. त्याचा वास नाकाला झोंबतो, डोळ्यांतून पाणी काढतो. म्हणून आम्ही दवाखान्यांना बाटल्या देतो त्यांच्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं: बाटली उघडू नये.

तर त्या सोमवारी सकाळी एक आजोबा आले. धोतर, वर तपकिरी स्वेटर, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी टॉवेल सोडला आणि आमचीच बाटली टेबलावर ठेवली. आतलं पाणी मात्र आमचं नव्हतं. चहापेक्षा गडद, तळाशी लिंबाएवढा गोळा.

मी झाकण उघडलं. डोळे चुरचुरले नाहीत. खमंग गोड वास आला.

"हे काय आहे?"

"काकवी," आजोबा म्हणाले.

"आणि आतलं औषध?"

"ते वतून दिलं."

पुढची पाच मिनिटं मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. माझ्या लॅबमधल्या ताई धावत बाहेर आल्या, एवढं सांगितलं तरी पुरे. या ताई माझ्याकडे सुरुवातीपासून आहेत. घर विणकरांचं, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि मी भडकले की काहीच नाही, नुसतं पाणी आणून ठेवतात. त्यांनी पाणी आणून ठेवलं. आजोबांपुढेही एक पेला ठेवला.

आजोबा अजिबात गडबडले नव्हते. ते करकंबचे. त्यांचं उसाचं गुऱ्हाळ, आणि गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारे गुळवेही तेच. "बाटलीचं झाकान गळत हुतं," ते सांगू लागले. "पिशवी वली झाली, डोळं चुरचुरायलं. म्हणलं, भायेर एवढं झोंबतंय तर आत मासाचं काय हुत आसंल? शनवारची सांज झालती. रव्वारी तुमचं बंद. मंग दोन दिस ठिवायचं कुटं? आमची काकवी वरीसभर नासत न्हाय. धुतली बाटली, आन् ठिवली गाठ काकवीत."

"घट्ट काकवीत?" ताईंनी विचारलं.

"न्हाय न्हाय. पाणी घालून पातळ केली की. घट्ट पाकात आवळा आकसतो. पातळ पाकात आतपतूर मुरतो." हे त्यांनी इतक्या समजुतीने सांगितलं की शिकाऊ मीच आहे असं वाटावं.

"आजोबा, ही गाठ आहे," मी ओरडले, "मोरावळा नाही!"

तेव्हा कुठे त्यांचा चेहरा उतरला. "मंग आता काय कळायचं न्हाय?"

"काय कळणार? दोन दिवस गोड पाण्यात पडलेलं मांस. सडलं असेल."

ते खुर्चीच्या कडेवर बसले. स्वेटरच्या आतून प्लॅस्टिकच्या पिशवीतली फाईल काढली आणि माझ्यापुढे सरकवली. "नातीचा हात हाय, बाई," ते म्हणाले. "बगा की कायतरी."

नात बावीस वर्षांची. पोलीस भरतीची तयारी करत होती. धावण्यात चांगली, पण गोळाफेकीत सगळ्यांत पुढे, कारण लहानपणापासून गुऱ्हाळात गुळाच्या ढेपा उचललेल्या. उजव्या हाताला कोपराच्या खाली गाठ आली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सुईने पेशी काढून तपासायला पाठवल्या, रिपोर्ट आला तो कर्करोगाचा. पंढरपूरच्या सर्जननी गाठ काढली, मधोमध कापून पाहिली आणि म्हणाले, पूर्ण गाठ तपासून येऊ द्या. कर्करोगच निघाला तर हात ठेवणं अवघड आहे. दहा दिवसांनंतरची पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची तारीख घेतलेली होती.

फाईल चाळता चाळता सुईच्या तपासणीचा रिपोर्ट हाताला लागला. खाली सही माझी होती.

मला ती काच लगेच आठवली. तीनच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सोबतच्या कागदावर एवढंच होतं: स्त्री, बावीस, उजवा हात, गाठ. काचेवर लांबट पेशी, खच्चून भरलेल्या, भराभर विभागणाऱ्या. मी लिहिलं होतं, 'सार्कोमा असण्याची दाट शक्यता'. सार्कोमा म्हणजे स्नायू, चरबी, हाडं यांच्यात होणारा कर्करोग, एरवी कमीच दिसणारा. माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि त्या सोमवारीही नव्हती. उलट राग वाढला. आता ही गाठ वाया गेली म्हणजे पुण्याचे डॉक्टर माझ्या त्या एका ओळीवर हात काढायचा की नाही ते ठरवणार. निदान बरोबर असलं तरी एका ओळीवर एवढा भार कुणालाच नको असतो.

"ठेवा," मी म्हणाले. "बघते. आशा धरू नका."

आजोबा उठले, टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि दारातून वळून म्हणाले, "काकवी चांगलीच हुती, बाई. या सालची."

मी आत गेले. थोड्या वेळाने ताईंची किंकाळी ऐकू आली. "मॅडम, चीमलु! चीमलु!" तेलुगूत मुंग्यांना चीमलु म्हणतात हे मला इतक्या वर्षांत त्या दिवशी कळलं. खिडकीच्या चौकटीतून एक रांग निघाली होती, भिंतीवरून उतरून ओट्यावर चढली होती आणि थेट आमच्या नमुन्याकडे निघाली होती. फॉर्मलीनच्या वासाने आमच्या लॅबमध्ये झुरळसुद्धा फिरकत नाही. ताईंनी ट्रे उचलून डोक्याच्या वर धरला, मी फडक्याने ओटा पुसू लागले आणि दोघींना एकदम हसू फुटलं. ज्या गाठीवरून मी मघाशी एवढा तमाशा केला, ती डोक्यावर घेऊन एक बाई उभी आणि दुसरी मुंग्यांना हाकलतेय. ताई हसता हसता मटकन खाली बसल्या, ट्रे मात्र खाली येऊ दिला नाही.

हसणं ओसरल्यावर आम्ही गाठ धुतली आणि सुरी लावली. ताई थबकल्या. "मॅडम, कडक आलंय बघा."

सडलेलं मांस सुरीखाली चिखलासारखं सरकतं. हे सरकत नव्हतं. रंग तपकिरी झाला होता, पण कड स्वच्छ कापली जात होती, अगदी फॉर्मलीनमधून काढल्यावर कापली जाते तशी. वास गोड होता, घाण नव्हता. तुकडे करून ते दिवसभर आमच्या फॉर्मलीनमध्ये ठेवले, मग रात्रभर यंत्रात. दुसऱ्या दिवशी मेणात बसवून ताईंनी त्याच्या पातळ चकत्या काढल्या, रंगवल्या, आणि दुपारी काच माझ्यापुढे आणून ठेवली. ठेवून गेल्या नाहीत, मागे उभ्या राहिल्या.

काच सुरेख होती. हे मला कबूल करायलाच हवं. निळा निळ्याच्या जागी, गुलाबी गुलाबीच्या जागी, एकेका पेशीची कड ओळखू यावी अशी. मी तर घाणीत काहीतरी शोधायच्या तयारीने बसले होते. "या सालची काकवी," ताई मागून म्हणाल्या.

पण मी हसले नाही, कारण मला पेशी दिसायला लागल्या होत्या. सुईच्या काचेवर त्या एकमेकींवर पडलेल्या, गर्दी केलेल्या दिसल्या होत्या. इथे पूर्ण गाठीत त्या मोकळ्या होत्या. मागावरून सुटलेल्या सुतासारख्या सैल, मध्ये मध्ये फटी, फटींमधून भटकलेल्या रक्तपेशी. विभागत होत्या खऱ्या, पण एकही विभागणी वेडीवाकडी नाही. कर्करोगाच्या पेशींचं असं शिस्तीत चालत नाही.

ही गाठ मला माहीत होती.

नॉड्युलर फॅसायटिस तिचं नाव. क्वचित दिसते, आणि दिसली की भल्याभल्यांची फसगत करते, कारण ती कर्करोगाचं हुबेहूब सोंग घेते. तरुण माणसाच्या हातावर येते, दोन-तीन आठवड्यांत भराभर वाढते, सुईने काढलेल्या पेशी बघणाऱ्याची गाळण उडवतात. आणि मग थांबते. पुष्कळदा आपली आपण विरून जाते. औषध नको, कापाकापी नको, हात काढणं तर दूरच राहिलं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. हातावरची गाठ आली की सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आधी एक प्रश्न विचारायचा, ती किती दिवसांत वाढली? असं मी फळ्यावर लिहून, खाली रेघ मारून शिकवलेलं आहे. आणि स्वतः विचारला नव्हता.

मी फाईलमधला नंबर लावला. फोन नातीनेच उचलला.

"गाठ कधी आली ग?"

"सरावात गोळा निसटून हातावर आदळला हुता मॅडम. त्याच्यानंतर आठ-धा दिसांनी."

"आणि वाढली किती दिवसांत?"

"तीन आठवड्यांत लिंबायेवढी झाली. मंग तेवढीच ऱ्हायली."

"थांबली?"

"व्हय. जरा बारीकच वाटायली हुती, काढायच्या आदी."

"हे तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणी इचारलंच न्हाय की, मॅडम."

मी फोन ठेवला. मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही. त्या म्हाताऱ्याने बाटलीवरची एक सूचना मोडली म्हणून मी त्याला गल्लीला ऐकू जाईल एवढं बोलले होते. आणि मी फळ्यावरची माझी स्वतःची सूचना मोडून एका पोरीचा हात पणाला लावला होता. पण खरं सांगायचं तर लाजेच्या खालून काहीतरी वेगळंच वर येत होतं, आणि तो निव्वळ आनंद होता. मी चुकले होते! माझी इतकी वर्षं गेली, पण चुकल्याचा असा आनंद मला कधी झाला नव्हता.

मात्र एकदा चुकलेल्या डोळ्यांवर लगेच विश्वास टाकायचा नसतो. मेणाची वडी आणि काचा मी मुंबईला माझ्या मॅडमकडे पाठवल्या. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि अजूनही त्यांना घाबरते. खास रंगांच्या आणि जनुकाच्या तपासण्या तिथेच होतात. सोबतच्या अर्जात एक रकाना असतो, नमुना कोणत्या द्रवात मिळाला. मी पेन हातात धरून विचार केला, मग खरं ते लिहिलं.

पुण्याची तारीख चार दिवसांवर आली, तीन दिवसांवर आली. ताई रोज सकाळी आल्या आल्या माझ्या तोंडाकडे बघायच्या, मी मान हलवायची. मग एका दुपारी फोन वाजला.

"अगं, काकवी काय लिहिलंयस?" मॅडमनी नमस्कारसुद्धा घेतला नाही. "मला वाटलं हे कुठलं नवीन रसायन आलं. इथे माझी पोरं नेटवर शोधत बसली होती."

मी सगळी हकीकत सांगितली. आवळा आकसतो इथपर्यंत आल्यावर पलीकडून खुदखुद ऐकू आली. एवढ्या वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. साखर मांसातलं पाणी ओढून घेते आणि जंतूंना वाढू देत नाही, पाक पातळ असला की तो आत पोचतो, शिवाय गाठ मधून चिरलेली होती, असं त्यांनी मला समजावून सांगितलं, म्हणजे आजोबांनी सांगितलं तेच. (वाचणाऱ्यांनी मेहरबानी करून हा प्रयोग करू नये. बाटली उघडू नये.)

"बरं, निदान तुझंच बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फॅसायटिस. जनुकाची तपासणीही तेच सांगते. आता मला सांग, सुईवर सार्कोमा कोणी म्हटलं होतं?"

"मी," मी म्हणाले.

"मग जा आणि सांगून ये," त्या म्हणाल्या. "फोनवर नको."

मी दोन कागद छापले. एक गाठीचा रिपोर्ट, दुसरा आधीच्या रिपोर्टची दुरुस्ती. पुण्याच्या आणि पंढरपूरच्या डॉक्टरांना कळवलं. मग ताईंना म्हटलं, चला. ताईंनी तोंड धुऊन पावडर लावली आणि आम्ही माझ्या गाडीतून करकंबला निघालो. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी पेशंटच्या घरी जायची ही पहिली वेळ होती. वाटेत मी तीनदा मनातल्या मनात वाक्यं जुळवली आणि तिन्ही मला खोटी वाटली.

गुऱ्हाळ रस्त्यालाच होतं. चुलाणात चिपाडं धडधडत होती, मोठ्या काहिलीत रस उकळत होता आणि आजोबा लांब दांड्याने वरची मळी काढत होते. आम्हाला बघून त्यांच्या हातातला दांडा थांबला. बाजूच्या खोपटातून एक उंच मुलगी बाहेर आली, उजव्या हातावर पट्टी. आम्हाला बघून ती दारातच थांबली. त्यांना काय वाटलं असेल ते माझ्या उशिरा ध्यानात आलं. चांगल्या बातमीसाठी डॉक्टर घरी येत नाहीत.

म्हणून मी जुळवलेलं सगळं सोडून दिलं आणि लांबूनच ओरडले, "कर्करोग नाही! नाहीच!"

मुलीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. आजोबांनी दांडा दुसऱ्या माणसाच्या हातात दिला, धोतराला हात पुसले आणि माझ्याजवळ आले. मी पहिला कागद वाचून दाखवला. नमुना काकवीत मिळाला, हेही वाचलं. आजोबांनी आजूबाजूच्या माणसांकडे एकदा बघून घेतलं.

मग मी दुसरा कागद काढला. "आधीचा रिपोर्ट माझा होता," मी म्हणाले. "मी कर्करोग लिहिला. तो चुकला. मी हिला एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही. तुम्ही गाठ जपली नसती तर माझ्या त्या कागदावर हिचा हात गेला असता. मला माफ करा."

आजोबांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला. "तुमी बी चुकता व्हय?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"व्हय," मी म्हणाले.

"मला त्या दिशी लई बोलला तुमी."

"बोलले."

"मंग आता मी बोलू का?"

"बोला," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. ताईंनी सवयीने पाण्यासाठी इकडेतिकडे बघितलं.

"थांबा, इचार करतो," आजोबा म्हणाले आणि खरोखरच विचार करू लागले.

तेवढ्यात मुलगी खोपटात जाऊन गोळा घेऊन आली. मी दचकले. "टाकू नकोस! टाके ओले आहेत अजून!" ती हसली. "टाकत न्हाय मॅडम. नुसता धरते." तिने गोळा उजव्या पंजात घेतला, मानेशी टेकवला, गुडघा वाकवून उभी राहिली, आणि तशीच राहिली. पट्टीच्या वर आणि खाली तिचा हात मला दिसत होता. सावळा, कामाचा, मनगटाजवळ चटक्याचा जुना डाग. त्या हाताचं मी महिन्यापूर्वी नशीब लिहिलं होतं आणि आता तो पहिल्यांदा बघत होते. हात जरासुद्धा थरथरत नव्हता. माझ्याच डोळ्यांना धारा लागल्या, चारचौघांत, फॉर्मलीन नसताना.

आजोबांनी काहिलीतून उठणाऱ्या वाफेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता काय बोलू तुमास्नी," ते म्हणाले. "घ्या, रस घ्या."